येनचा कौल

माझी बहीण गौतमी जपानमधल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. चार पैसे साठवून पोलादपुरात गाळा घ्यायचा आणि स्वतःचा क्लास काढायचा, हे तिचं ठरलं होतं. पण तिकडचा येन घसरत गेला. शंभर येनचे सत्तर रुपये व्हायचे, ते पंचावन्नवर आले. पगार तेवढाच, घसाही तेवढाच कोरडा पडायचा, गाळा मात्र दर वर्षी लांब जायचा.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट करतो. पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वर आमची वाडी. घरी परतलो की आई दारातच विचारायची, येन चढला का? पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी चढलं का विचारावं तसं. मी वैतागायचो. म्हणायचो, आई, आधी चहा तरी विचार.

करार संपत आला तेव्हा गौतमीचा फोन आला. गाळा गेला खड्ड्यात, मी येते, म्हणाली. मला केवढा आनंद झाला! दुसऱ्या दिवशी आईनं देवळात जाऊन कौल लावला. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. संध्याकाळी तिनं मला गौतमीला फोन लावायला सांगितला.

"वरीसभर थांब गो. येन चढनार हाय. देवानं उजवा दिलाय."

देवाला बाजारभाव कोण कळवतं, असं मी कुरकुरलो. गौतमीही हसली. पण आईचा शब्द तिला मोडवेना. तिनं करार वाढवला.

येन होता तिथंच राहिला. पावसाळा सरता सरता आईच्या छातीत कळ आली आणि महाडला पोचायच्या आत ती गेली. गौतमी आली ती दहाव्याला.

त्याच दिवशी मी आईचा कौल लावणाऱ्या येसाजी गुरवाला गाठलं. तुझ्या देवानं खोटा कौल दिला, म्हणालो. त्यानं मान खाली घातली.

"म्हातारीनं आधी दुसरंच इचारलं व्हतं रे. पोरगी माझ्या नजरंला पडंल का? डावा पडला. मग म्हनली, निदान तिचा गाळा तरी व्हू दे, येनचं इचार. त्यो उजवा पडला."

माझं डोकंच फिरलं. पोरगी यायला निघाली होती, आणि आईनं स्वतःच तिला थांबवून डावा कौल खरा केला. हे गौतमीला कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

रात्री तिनं विचारलंच, आईनं देवाला काय विचारलं होतं? येनचं, मी म्हणालो.

"तिला माझ्यापेक्षा येनचंच पडलं होतं ना रे दादा?"

मग मला डावा कौल सांगावाच लागला.