घड्याळजींचे गुडघे

घड्याळजींचे गुडघे गेलेत, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. घड्याळदुरुस्तीच्या दुकानातल्या स्टुलावरून उठायचं म्हणजे सोहळाच असायचा. कुणीतरी धावत येऊन बगलेत हात घातल्याशिवाय ते काही उभे राहायचे नाहीत. घर तिसऱ्या मजल्यावर. गॅसचं सिलिंडर, धान्याचं पोतं, पंप बिघडला की पाण्याच्या बादल्या, सगळं बायको वर चढवायची. ती बिचारी कपडे शिवायची, दिवसभर मशीनवर पाय चालवायची आणि वर हे. घड्याळजी तिच्या मागून कठड्याला लोंबकळत यायचे आणि वर पोचले की म्हणायचे, "दमलो बाई."

वर्षातून एकदा ते आठ दिवस उपचाराला जायचे. कुठेतरी गरम पाण्याचे झरे आहेत, त्यात गुडघे बुडवून बसायचं, असं ते सांगायचे. बायको बॅग भरून द्यायची. त्यात तेलाची बाटली आणि गुडघ्यांना बांधायच्या लोकरी पट्ट्या. बस सुटेपर्यंत हात हलवत उभी राहायची.

बस वळणाआड गेली की घड्याळजी पट्ट्या सोडून बॅगेत कोंबायचे.

कारण गुडघे ठणठणीत होते. कधीतरी एकदा घसरून पडले होते, महिनाभर दुखलं, मग थांबलं. पण तोवर आयतं बसायची गोडी लागली, आणि आता बरं वाटतंय हे सांगायला तोंड उघडेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता पंधरा वर्षं गेली. झरेबिरे काही नव्हते. होता एक डोंगर, आणि त्या डोंगराच्या खांद्याला चिकटलेलं एक जुनं गाव.

गाव इतक्या उभ्या चढावर की तिथल्या कोंबड्या आधी दगडाला पाठ टेकवायच्या आणि मगच अंडं घालायच्या. एकदा कुणाच्या हातून भोपळा सुटला. तो गडगडत खालच्या गावात पोचेपर्यंत त्याची सालं निघाली होती, फोडी झाल्या होत्या; तिथल्या बाईनं नुसता चुलीवर चढवला. गाडी फक्त पायथ्यापर्यंत जायची, पुढे आपले पाय. शहरातली माणसं डोंगर चढायला, रान बघायला यायची आणि गावातले हमाल त्यांचं सामान पाठीवरून न्यायचे. कुणाचा पाय मुरगळला तर माणूससुद्धा न्यायचे. त्यासाठी एक वेताची खुर्ची होती. तिचे पट्टे हमालाच्या खांद्यांत, बसणाऱ्याची पाठ हमालाच्या पाठीला आणि तोंड मागे, दरीकडे.

घड्याळजी तिथे हमाली करायचे. हौसेनं. वर्षभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा निवडणारा माणूस तिथे आठ दिवस लांबवर बघायचा. चढायचे तर असे, की सावली मागाहून धापा टाकत यायची. गावानं त्यांचं नाव 'वारा' ठेवलं होतं.

त्या दिवशी सकाळी वाटाड्यानं पायथ्याशी त्यांना हाक मारली. "वाऱ्या, एक बाई आहेत. दुसऱ्या कुणाचे तरी बूट घालून आल्या, टाचा सोलून निघाल्यात. त्यांची माणसं पुढे गेली. खुर्चीत बसवल्यात, तेवढ्या वर पोचव."

खुर्ची दगडी ओट्यावर ठेवली होती. घड्याळजी टोपी कपाळावर ओढून मागून आले, पट्ट्यांत खांदे घातले, "हं" केलं आणि उठले. वजन बरं होतं, पण जड नव्हतं. निघाले झपाझप.

दहा पावलांवर पाठीमागून आवाज आला, "दादा, जड नाही ना होत?"

घड्याळजींचा पुढचा पाय हवेतच राहिला.

तो आवाज तिचा होता. पण ती तर घरी होती. काल रात्रीच फोनवर म्हणाली होती, "मशीनवर बसलेय, शाळेच्या कपड्यांची घाई आहे." आणि यांनीही सांगितलं होतं, "मी पाण्यात बसलोय."

"दादा? थांबलात का?"

"हंहं," घड्याळजी घशातल्या घशात म्हणाले आणि चालू लागले. सख्खी बायको पाठीवर आणि ती दादा म्हणतेय. पळावं तर कुठे पळणार? जिकडे पळतील तिकडे ती बरोबर येणार.

"धाकट्या बहिणीनं ओढून आणलं बघा," ती मजेत बोलू लागली. "म्हणाली, ताई, तू जन्मात कुठे गेली नाहीस. घरात सांगितलं पण नाही मी. आमचे हे उपचाराला गेलेत ना, म्हटलं तेवढ्यात जाऊन येऊ. त्यांचे गुडघे गेलेत हो. पंधरा वर्षं झाली. तुम्ही कसे टणाटण चढताय, आणि ते घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं तरी भिंतीला विचारून जातात."

"हं."

"तुमच्या बायकोचं नशीब हो. घरात उचलणारा माणूस आहे."

घड्याळजींना दरदरून घाम फुटला. तो चढाचा नव्हता.

वाट देवदारांत शिरली. ऊन चाळणीतून गाळल्यासारखं खाली पडत होतं, कुठेतरी पाणी वाजत होतं. एरवी घड्याळजी इथे हमखास थांबायचे. आज मान वर करायची छाती होईना.

मागून ती हळूच म्हणाली, "पण एक सांगू दादा? तुम्ही परके आहात म्हणून सांगते. त्यांचं दुखणं मला जड नाही वाटत. दिवसभर माझं मशीन खडखडतं, त्यांचं डोकं घड्याळात. रात्री मी त्यांच्या गुडघ्यांना तेल लावते ना, तेवढंच काय ते आमचं बोलणं होतं. कधी कधी वाटतं, हे बरे झाले तर आमचं बोलणंच बंद पडेल."

लबाडी करून ती एक तासाची सेवा आपण उकळतो, असं ते इतकी वर्षं समजत होते. रोज त्या तासाला त्यांना थोडी लाज वाटायची. आणि ही त्याच तासाची दिवसभर वाट बघत होती.

नेमक्या त्या वळणावर पिवळ्या फुलांचं झुडूप होतं. घड्याळजींच्या नाकाला हुळहुळलं. त्यांनी ओठ दाबले, श्वास धरला, डोळे गच्च मिटले. काही उपयोग झाला नाही. आधी एक बारीक शिंक आली, उंदराची असते तशी, आणि तिच्या मागून दुसरी, जिच्या आवाजानं समोरच्या झाडावरची पाखरं दुसऱ्या डोंगरावर जाऊन बसली.

मागे चिडीचूप.

इतक्यात वरून लंबू हमाल रिकामा उतरत आला. "काय रे वाऱ्या," तो म्हणाला, "आज झुळूक झालास की काय? तोंड बघ तुझं, पांढरंफटक. आण इकडे खुर्ची, मी नेतो वर."

घड्याळजींना त्याचे पाय धरावेसे वाटले. खुर्ची द्यायची, खाली पळायचं आणि पहिल्या बसनं घरी. कुणाला काही कळलं नसतं. त्यांनी एक पट्टा खांद्यावरून सोडलासुद्धा.

"न्या की, कुणीही न्या," मागून ती म्हणाली. "फक्त दादा, तुमचा निरोप घ्यायच्या आधी एवढं सांगते. आमच्या ह्यांचं ऑपरेशन ठरवलंय मी."

घड्याळजींनी सोडलेला पट्टा परत चढवला. लंबूला मानेनंच 'जा' म्हणून सांगितलं. तो जाताना तीनदा मागे वळून बघत गेला.

"कसलं?" घड्याळजींनी आवाज जाडा करून विचारलं.

"गुडघ्यांचं. दोन्ही. त्यांना सांगितलेलं नाही हो, घाबरट आहेत फार. उपचाराहून आले की बसमधून उतरल्या उतरल्या दवाखान्यात. माझे मेव्हणे येणार आहेत, आणि शेजारचे दोघं धट्टेकट्टे. धरायला."

"धरायला?"

"मग. पळायला नकोत ना. म्हणजे पळणार कुठे म्हणा, पण सरपटतील. डॉक्टर म्हणाले, आधी उघडून बघू. करवत लागते म्हणे."

"आणि आत... आत सगळं बरं निघालं तर?"

"उघडलंच आहे तर बदलूनच टाकू म्हणाले. परत बंद करायला तेवढाच दोरा लागतो."

घड्याळजींचे गुडघे आयुष्यात पहिल्यांदा खरे लटपटले. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, पाठीवर बायको आणि पुढे करवत. चार पावलं कशीबशी टाकली. पाचवं काही पडेना.

"अगं, नको," ते म्हणाले. जाडा आवाज विसरलेच. "काही झालेलं नाही गं माझ्या गुडघ्यांना. मीच आहे हा."

मागून अगदी रोजच्यासारखा, चहा निवतोय म्हणून सांगावं तसा आवाज आला.

"अहो, पुढे बघून चाला. कडा आहे."

"तुला... कधीपासून..."

"शिंकलात तेव्हापासून. तशी शिंक जगात एकच आहे, मी तीस वर्षं तिच्या शेजारी झोपतेय."

"म्हणजे ऑपरेशन..."

"नव्हतं ठरवलं. आता ठरवावंसं वाटतंय. चाला."

पुढच्या चढावर घड्याळजींना वाटत होतं, आता आरडाओरडा होईल, मग रडणं होईल, मग माहेरची माणसं येतील. त्यांनी मनातल्या मनात सगळ्यांना उत्तरं शोधून ठेवली. खिंडीच्या माथ्यावर पोचल्यावर त्यांनी खुर्ची खडकावर टेकवली आणि मान खाली घालून समोर उभे राहिले.

तिनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. "खुर्ची फिरवा," म्हणाली. "मला येताना नुसतं मागचंच दिसलं."

त्यांनी फिरवली. समोर डोंगरामागे डोंगर, निळ्यातून निळे होत गेलेले. खाली नदी, सुईत ओवायला काढलेल्या दोऱ्यासारखी. एक ढग त्यांच्या पायांच्या खालून चालला होता आणि त्याची सावली रानावरून सरकत होती. ती बराच वेळ बघत राहिली. पापणीसुद्धा हलली नाही तिची.

"हे बघायला येता?"

"हो."

"पंधरा वर्षं?"

"हो."

"एकटेच."

ह्याचं उत्तर घड्याळजींनी शोधून ठेवलं नव्हतं. लबाड म्हणेल, आळशी म्हणेल, फुकट्या म्हणेल, त्या सगळ्याची तयारी होती. हा एक शब्द मात्र मुस्काटात बसल्यासारखा बसला.

ती खुर्चीतून उठली, बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी गावाकडे चालू लागली. घड्याळजी रिकामी खुर्ची पाठीला लावून मागोमाग.

ते नेहमी उतरायचे ते घर गावात शिरतानाच होतं. घराची मालकीण दारात लाकडं रचत होती. ती म्हणाली, "आलास वाऱ्या? आणि ह्या पाहुण्या कोण?"

घड्याळजींनी टोपी काढली. "ही... माझी बायको."

मालकिणीच्या हातातलं लाकूड खाली पडलं. "अगंबाई, वहिनी? त्या गुडघेवाल्या वहिनी?"

"कोणत्या?" बायकोनं विचारलं.

"अहो, दरवर्षी आम्ही ह्याला विचारतो, बायकोला का नाही आणत. तर डोळ्यात पाणी आणून सांगतो, तिचे गुडघे गेलेत, पंधरा वर्षं झाली, पायरी चढवत नाही बिचारीला. घरातलं सगळं मीच उचलतो म्हणतो. आणि तुम्ही तर चालत आलात की. बरे झाले का गुडघे?"

घड्याळजींना वाटलं, हा भोपळे गडगडवणारा उतार आपल्याला आत्ताच्या आत्ता घेऊन जाईल तर बरं. बायको त्यांच्याकडे वळली. वाटेत सगळं कळल्यावरसुद्धा तिचा चेहरा असा झाला नव्हता. तोंड उघडं, भुवया कपाळात. हातातला एक बूट निसटला आणि खाली कुणाच्या तरी छपरावर जाऊन वाजला.

मग तिनं तोंड मिटलं. अंगणातल्या दगडावर सावकाश बसली आणि दोन्ही पाय लांब केले.

"कुठले बरे हो," ती मालकिणीला म्हणाली. "खिंडीपासून एवढीशी चालले तर बघा, आता उंबरासुद्धा चढवणार नाही. बहीण परत गेली तरी मी आता आठ दिवस इथेच. जवळपास बघण्यासारखं काय काय आहे?"

"पुष्कळ आहे वहिनी. धबधबा आहे, वरचं तळं आहे. पण खरी मजा पलीकडच्या शिखरावर, सूर्य उगवताना. चढ फार वाईट आहे मात्र."

"तिथे रोज जाऊ," बायको म्हणाली. "हे आहेत ना उचलायला."

घड्याळजी तिच्याकडे पाठ करून खुर्चीसकट खाली बसले.