पहिल्या अनुसूचीतल्या कुरडया

वनरक्षकाने काउंटरवरच्या पांढऱ्या प्रवाळावर ॲसिडचा थेंब सोडला आणि प्रवाळ फसफसलं.

"मॅडम, असली दिसते हे," तो म्हणाला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. शोभेचे मासे विकणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळावं म्हणजे पाहा.

वैदेही मॅडम वनखात्याच्या अधिकारी. वय तिशीचं, पण बोलणं मोजूनमापून. "समुद्रातलं प्रवाळ विकणं गुन्हा आहे, ठाऊक आहे ना? वन्यजीव कायद्याच्या ज्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, तिच्यातच प्रवाळही आहे."

वाघांच्या जंगलांनी वेढलेल्या नागपूरच्या माणसाला ह्याच्यापुढे समजावून सांगावं लागत नाही.

"मॅडम, हे सिमेंट आहे हो. त्यात संगमरवराची पूड असते, ती फसफसते."

"आणि हे काय आहे मग?" त्यांनी चिठ्ठी पुढे केली. 'ओरिजिनल इम्पोर्टेड कोरल.' अक्षर माझंच. कुणीतरी ह्याच चिठ्ठीचा फोटो काढून तक्रार केली होती. पायावर धोंडा मीच पाडून घेतला होता, तोही चांगल्या वळणदार अक्षरात.

नमुना तपासायला जाणार, अहवाल येईपर्यंत दुकानाला सील. मासे हलवायला मॅडमनी संध्याकाळपर्यंत मुदत दिली, हा त्यांचा भलेपणा. पण चाळीस टाक्यांतले मासे हलवायचे कुठे? वऱ्हाड असतं तर एखादं समाजभवन तरी पाहिलं असतं.

"मॅडम, जिनं हे केलं तिलेच बोलावतो," मी म्हणालो आणि अंजनाकाकूंना फोन करून सामानासकट बोलावलं.

माझे वडील ह्याच दुकानात खरं प्रवाळ विकायचे. किनाऱ्यावरून खोकी भरून यायची. मग कायदा आला, आणि बरंच झालं. समुद्रात तीळतीळ वाढणारा तो जीव, त्याला फोडून सीताबर्डीच्या दुकानात मांडायचं, हे मलाही लहानपणापासून खुपायचं. पण गिऱ्हाईक थोडंच ऐकतंय? त्याला टाकीत प्रवाळ हवंच, आणि प्लास्टिकचं दाखवलं की नाक मुरडायचं.

चार वर्षांपूर्वी एका घरी टाकी बसवायला शहराच्या कडेला, बेसा गावात गेलो होतो. शेजारच्या गच्चीवर अंजनाकाकू कुरडया घालत होत्या. उन्हात वाळलेली ती पांढरी गुंतवळ पाहून मी पाइप हातात धरून तसाच उभा राहिलो. म्हटलं, "काकू, हेच सिमेंटमधे जमन का?"

"येडा झाला का गा? सिमेंट कोन खाईन?"

पण जमलं. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलतात. काकू सिमेंटचे तुकडे तीन आठवडे भिजवायच्या, चुना उतरेपर्यंत पाणी बदलायच्या. माझा एकही मासा त्यांच्या मालाने मेला नाही.

कुरडई-पापड हाच त्यांचा तीस वर्षांचा धंदा. बेशापासून कोराडीपर्यंत लोकांच्या लेकींच्या रुखवतात त्यांच्या रंगीत कुरडयांची कमळं आणि मोर मांडलेले असत, आणि त्यांच्यापुढे चिठ्ठी असे : 'वधूने स्वहस्ते केलेले.' असं शंभर-दोनशे लग्नांत तरी झालं असेल. मी तरी वेगळं काय केलं? बेशाचं म्हटलं तर भाव कोण देणार, म्हणून विदेशातलं म्हटलं.

तासाभरात काकू आल्या. एका पिशवीत पितळी सोऱ्या, छोटा पाट आणि ज्वारीच्या काड्या, दुसरीत पांढरं सिमेंट.

"काय झालं गा, स्वानंद? पोलीस हायेत का हे?"

मी सगळं सांगितलं. दुकान बंद होईल, कदाचित मला नेतील, हेही सांगितलं. काकूंनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या वनरक्षकाकडे वळल्या. "तुमाले खरंच समुद्रातलं वाटलं?"

"हाव ना काकू. ॲसिड टाकूनबी वाटलं."

"बाप्पा!" काकू इतक्या हसल्या की पदर तोंडाशी धरावा लागला. मग त्यांची नजर काउंटरवरच्या चिठ्ठीवर गेली. "आन हे काय लिहिलं?"

"विदेशातून आणलं, असं," मी पुटपुटलो.

"बेसा विदेशात गेलं काहून?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वनरक्षकाने तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. काकू मात्र आता हसत नव्हत्या. त्यांनी काउंटरवर प्लास्टिक अंथरलं, सिमेंट कालवलं, बोटाने ताणून पाहिलं आणि सोऱ्या भरला.

"मॅडम, तुमी माह्या लेकीसारख्या. हा पाट धरा जरा. हलवू नका."

वन्यजीव कायद्याच्या अधिकारी पाट धरून उभ्या राहिल्या. काकू सोऱ्या फिरवू लागल्या. सिमेंटचे पांढरे शेव एकमेकांत गुंतत उतरले, फांद्या फुटल्या. मग ज्वारीच्या काडीने काकूंनी प्रत्येक फांदीवर बारीक बारीक भोकं पाडली, दळण निवडावं इतक्या सहज. दहा मिनिटांत पाटावर प्रवाळ उभं होतं. मॅडमनी ते सगळ्या बाजूंनी पाहिलं, पाट न हलवता.

"काकू, समुद्र पाहिलाय तुम्ही?"

"फुटाळा तलाव पाह्यला."

मॅडम खळखळून हसल्या. आल्यापासून पहिल्यांदाच.

प्रवाळ डोळ्यांदेखत बनलं, त्यामुळे सील टळलं. चिठ्ठी आत्ताच्या आत्ता फाडायची आणि पुन्हा असं लिहिलं तर खैर नाही, अशी तंबी मला मिळाली, आणि ती रास्तच होती. मग मॅडम पंचनामा लिहायला बसल्या. काकूंना त्यांनी पूर्ण नाव, वय, पत्ता विचारला. लिहून झाल्यावर कागद सहीसाठी पुढे सरकवला.

"आधी वाचून दाखवा," काकू म्हणाल्या. "तुमी नाही. ह्याले वाचू द्या."

मी कागद घेतला. "सदर सर्व नमुने समुद्री प्रवाळ नसून, ते अंजनाबाई देवराव ठवकर, वय अठ्ठावन्न, राहणार बेसा, यांनी स्वतःच्या हाताने बनवलेले आहेत."

काकू नेसूच्या पदराला सिमेंटचा हात पुसत होत्या. तो पुसून झाला तरी पुसतच राहिल्या.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. वनरक्षक आता हसत नव्हता. एवढ्यात एक नवरा-बायको मासे घ्यायला आले आणि आतली गर्दी पाहून दाराशीच थबकले.

"जोरानं वाच गा," काकू म्हणाल्या. "त्यांयले बी आयकू दे."

तिसऱ्यांदा मी उभं राहून वाचलं.