चाकांना पाणी

आमच्या रावसाहेबांची लाल मोटर अकरा वर्षांत जेवढी स्वतः धावली, त्याहून जास्त वाट ती जव्हारला येताना बैलांच्या मागे चालली होती. हे मी आज बोलतो. तेव्हा बोललो असतो तर नोकरी गेली असती, आणि मी काही बाणेदार माणूस नव्हतो. रावसाहेब जव्हार संस्थानातले एक सरदार, मी त्यांचा कारकून. लहानथोर सगळे मला तात्या म्हणत.

मोटर आली जर्मनीची लढाई पेटायच्या दोन वर्षं आधी. दोनच बैठकांची, उघडी, शर्यतीला पळवायची मोटर. ती डहाणूपर्यंत मालगाडीतून आली. पुढचा घाट बघून मुंबईहून आलेल्या मिस्त्रीची छाती झाली नाही, म्हणून चार बैलजोड्या जुंपल्या. त्यातल्या एका जोडीचा धनी सूर्यमाळचा ढवळू. मोटर बंगल्याच्या आवारात उभी राहिल्यावर सगळे तिचे पितळी दिवे बघत होते आणि हा गडी खाली बसून चाकं बघत होता. चाकांचे आरे लाकडी होते, बैलगाडीसारखे. त्याने मिस्त्रीला विचारलं, उन्हाळ्यात ही चाकं भिजवतात का? आम्ही पोट धरून हसलो. मिस्त्री हसला नाही. लाकूड सुकलं की आरे ढिले पडतात, बैलगाडीचं काय आणि मोटरचं काय, असं म्हणून त्याने रावसाहेबांना सांगितलं की मोटर सांभाळायला माणूस ठेवायचा तर हाच ठेवा.

तसा ढवळू राहिला. मिस्त्रीने पंधरा दिवसांत त्याला होतं नव्हतं ते सगळं शिकवलं आणि जायच्या दिवशी, रावसाहेब बाहेर गेलेले बघून, त्याला स्टिअरिंगच्या चक्रामागे बसवलं. मोटरच्या कोठीपासून फाटकापर्यंत चालवू दिली, चाळीस पावलं असतील. ढवळूच्या कुळात सगळे गाडीवान, पण घाटात बैलांना ओझं नको म्हणून ते गाडीच्या डाव्या बाजूने चालत. गाडीत माल बसतो, माणूस चालतो. त्या दिवशी तो गाडीत बसून फाटकापर्यंत गेला. मी त्याचं तोंड पाहिलं होतं, म्हणूनच पुढे त्याला कशाने बांधून ठेवता येईल हे मला ठाऊक होतं.

रावसाहेबांनी मोटर तीनदा चालवली. तिसऱ्या वेळी पाहुण्यांच्या देखत त्यांनी ती वळणावरच्या ओघळीत घातली, आणि सज्जातल्या बायका हसल्या. संपलं. पुन्हा ते चक्राला शिवले नाहीत. विकली तर भ्यायलो असं लोक म्हणतील, म्हणून विकलीही नाही. हुकूम एवढाच, गाडी तयार पाहिजे, मी केव्हाही काढीन. ते केव्हाही कधी येणार नाही हे बंगल्यातल्या मांजरालासुद्धा कळत होतं. ढवळूला मात्र ते खरं वाटे.

त्याने ती लेकरासारखी सांभाळली. टायरांवर भार नको म्हणून मोटर सागाच्या ठोकळ्यांवर उचललेली. आठवड्याला हँडल मारून इंजिन फिरवायचं, पाण्याची टाकी रिकामी करायची, चामड्याच्या गाद्यांना तेल, पितळेला चिंच. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून कोठीत निखाऱ्यांची शेगडी, उंदरांसाठी कडुनिंबाचा धूर. आणि होळी झाली की चाकांना ओली गोणपाटं. रोज संध्याकाळी दोन हंडे पाणी लागे. बंगल्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी पुरत नसे, तेव्हा तिथलं पाणी मोटरला मिळायचं नाही. ढवळूची बायको सकू खालच्या झऱ्यावरून ते आणी. झऱ्यावर वाटीवाटीने पाणी भरायला लागायचं, आणि इतर बाया तिला विचारत, चाकांना तहान लागली का गं?

लढाईच्या दुसऱ्या वर्षी, पाऊसकाळाच्या तोंडावर, ढवळू माझ्याकडे आला. त्याला परत जायचं होतं. सूर्यमाळला त्याची नागलीची जमीन तीन साल पडीक होती. त्यांच्याकडे रीत अशी की चौथ्या पावसालाही धन्याने नांगर धरला नाही, तर जो भाऊबंद नांगर घालील त्याची. त्याच्या चुलतभावाने नांगर तयार ठेवला होता. रजा द्या, असं रावसाहेबांना सांग, म्हणाला.

मला सांगायचं नव्हतं. नवा माणूस शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं असतं आणि रावसाहेबांच्या शिव्या वर. तेव्हा मी वेळ मारून नेली. म्हटलं, अरे, रावसाहेब कालच म्हणाले, आता मोटर बाहेर निघेल तेव्हा चक्रामागे ढवळू बसेल, मी शेजारी बसेन. आयजीच्या जिवावर बायजी उदार! रावसाहेब यातलं अक्षर बोलले नव्हते.

ढवळूने दोनदा विचारलं, शेजारी बसतील? मी दोनदा हो म्हटलं. तो सूर्यमाळला गेला नाही. त्या पावसात चुलतभावाने नांगर घातला.

मला वाटलं होतं, वर्षभरात तो विसरेल किंवा कंटाळेल. त्याऐवजी आठ वर्षं गेली. दर दसऱ्याला मोटर ठोकळ्यांवरून उतरे, तिची पूजा होई, ढवळू माझ्याकडे बघे, आणि मी म्हणे, यंदा नाही रे, पेट्रोल कुठं आहे. नंतर लढाई संपली, पेट्रोलही आलं, मग मी रस्त्याचं कारण सांगायला लागलो.

एका वैशाखात सकू दुपारची कचेरीच्या पायरीशी आली. रिकामा हंडा कमरेवर. वर चढली नाही, बसलीही नाही.

"तात्या, तुझ्या कानानं ऐकलंस काय?" तिने विचारलं. "रावसाहेब सोता बोलला?"

काय ते मला कळलं. त्या क्षणी खरं बोलण्याची एक संधी मला अगदी दारात चालून आली होती. जमीन गेली होती, पण ढवळूचं वय होतं. पोशेऱ्याला सासऱ्याची शेती होती, तो बोलावत होता. ते दोघं उठून गेले असते.

"स्वतः बोलले," मी म्हणालो.

तिने हंडा डोक्यावर घेतला आणि झऱ्याकडे गेली. मला स्वतःची शिसारी आली. पण संध्याकाळी जेवण गोड लागलं, तेही सांगितलं पाहिजे.

अकराव्या वर्षी रावसाहेबांच्या मुलीचं लग्न झालं. जावई माळव्यातल्या एका संस्थानातले, मोटरींचे शौकीन. त्यांनी कोठीत डोकावून पाहिलं आणि ते हरखले. इतकी जुनी गाडी आणि इतकी ठाकठीक! रावसाहेबांनी तिथल्या तिथे ती लेकीला आंदण दिली. नवरानवरीने मोखाड्यावरून नाशिकपर्यंत मोटर चालवत न्यायची आणि पुढे रेल्वेत चढवायची असं ठरलं. मी ढवळूला एवढंच सांगितलं की मोटर बाहेर निघतेय, तयार कर. पुढचं सांगायला जीभ उचलली नाही.

निघायच्या दिवशी तो नवं धोतर नेसून आला. डोक्याला लाल काठाचा फेटा. गोणपाटं स्वतःच्या हाताने सोडून, चाकं पुसून, त्याने मोटर पोर्चपाशी ढकलत आणवली होती. फाटकाशी माणसं जमलेली, त्यात सकूही होती, आणि तिचा म्हातारा बाप मुद्दाम पोशेऱ्याहून आलेला. जावई येऊन चक्रामागे बसले. नवरी शेजारी बसली. दोनच बैठका, दोन्ही भरल्या.

रावसाहेब म्हणाले, "ढवळ्या, हँडल मार."

ढवळू हलला नाही. जावयांच्या बाजूला गेला आणि दारावर हात ठेवून उभा राहिला.

"सरकार, हितं मी बसणार व्हतू," तो म्हणाला. "तू सांगलं व्हतंस. आठ सालं झाली."

पाहुण्यांत कुणीतरी हसलं. रावसाहेबांना खरंच काही कळेना. "मी सांगितलं? कुणाला?"

"तात्याला इचार."

सगळे माझ्याकडे वळले. एवढं सोपं होतं. सरकार, चूक माझी, असं म्हटलं असतं तर काय झालं असतं? चार शिव्या. फार तर नोकरी. पण माझ्या तोंडून निघालं ते असं, "काही नाही सरकार. सकाळपासून उन्हात उभा आहे, बरळतोय."

ढवळूने माझ्याकडे पाहिलं, मग फाटकाशी सासऱ्याकडे. सासरा मान खाली घालून निघून जात होता. ढवळूने दारावरचा हात काढला, आपलं बोट उमटलं होतं तिथे धोतराच्या सोग्याने पुसलं, आणि पुढे जाऊन हँडल मारलं. इंजिन दुसऱ्या फेरीला लागलं. मोटर हलली तसा तो तिच्या डाव्या बाजूने चालायला लागला, बैलगाडीबरोबर चालतात तसा, एक हात तिच्या अंगावर ठेवून. फाटकापर्यंत तिचा वेग कमी होता. पुढे जावयांनी ती सोडली आणि हा रस्त्यात राहिला.

मोटर गेली तेव्हा मोटर सांभाळणाऱ्याचं काय काम? रावसाहेबांनी मला त्याला काढायला सांगितलं, पण सांगायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी कोठीत ठोकळे एकावर एक रचून ठेवलेले होते आणि नवराबायको सूर्यमाळला निघून गेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात जावयांचं पत्र आलं. चाकं करकरतात, आरे हलतात, तुमचा माणूस नेमकं काय करत होता ते सविस्तर कळवावं. रावसाहेबांनी पत्र माझ्यापुढे टाकलं. गोणपाटं मी अकरा उन्हाळे पाहिली होती, पण त्यातली रीत मला ठाऊक नव्हती. तट्टू घेऊन मी सूर्यमाळला गेलो.

ढवळू दुसऱ्याच्या गाडीबरोबर पायी चालत येताना भेटला. त्याच्या जमिनीत चुलतभावाची पोरं पेरणीआधी पालापाचोळा जाळून राब भाजत होती. तो मजुरी करत होता. मी पत्राचं सांगितलं. मला वाटलं, हा आता तोंड फिरवील, आणि फिरवलं असतं तर माझ्या मनावरचं ओझं थोडं हलकं झालं असतं. त्याने सगळं सांगितलं. गोणपाट भिजवून पिळायचं, निथळतं ठेवायचं नाही, लोखंड गंजतं. ऊन उतरल्यावर गुंडाळायचं. पाणी रबराला लागू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी चाक अर्धं फिरवायचं, नाहीतर खालचेच आरे फुगतात. मी लिहून घेत होतो. माझं लिहिणं मागे पडलं की तो थांबत होता.

सकू झोपडीच्या दारात उभी होती. सूर्यमाळला त्या दिवसांत पाणी दोन डोंगर उतरून आणावं लागतं. घरात एकच हंडा होता, तोही तळाला गेलेला. तिने तो वाकडा करून लोटा भरला आणि माझ्यासमोर धरला.

"पी," ती म्हणाली. "चाकांना इतकी सालं पाजलं. तूबी पी."

तहान लागली होती. मी प्यालो.

जव्हारला येऊन मी पत्राचं उत्तर स्वच्छ अक्षरात लिहिलं. शेवटी ढवळूचं नाव घालावं असं मनात आलं होतं. रावसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि खूश होऊन म्हणाले, तात्या, तुला मोटरीतलं बरंच कळतं की.

मी म्हणालो, हो, थोडंफार.