शिंपीबाबांच्या पोटावरचे डाग

मित्रांनो, मी एक जुने पेन आहे. परंतु माझ्या पोटात शाई नाही, इन्सुलिन आहे. कारखान्यात कसून पारखल्यावर माझी रवानगी एका निवृत्त शिंप्याच्या घरी झाली. सुई बसवून मला सज्ज ठेवण्याचे काम शिंपीबाबांचे. त्यांचा हात कापे म्हणून टोचण्याचे काम सुनेचे. "टोचलेलं कळतसुद्धा नाही," असे ते शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत.

ते कौतुक फार टिकले नाही. टोचताना बाबा ओठ चावू लागले. पोटावर निळेजांभळे डाग उमटले. माहेरी आलेल्या लेकीने ते पाहिले आणि तिची नजर भावजयीच्या हातांवरून हलेना.

"वहिनी, राग माझ्यावर असेल तर माझ्यावर काढ."

"हात तोच आहे, ताई. काय बिघडलंय, मलाही कळत नाही."

"मग बाबांना मी माझ्याकडेच नेते."

सुनेचा चेहरा उतरला. बाबा गप्प. एरवी बोलघेवडा असणारा माणूस नेमका अशा वेळी गप्प बसला की संशय घ्यावा. माझा संशय तर पूर्वीपासूनच होता: माझ्या तोंडाशी येणारी सुई फारच ओळखीची वाटे.

सुनेलाही शंका आली. तिने वापरलेल्या सुयांचा डबा हलवला; तो वाजेना.

"बाबा, सुई कधी बदललीत?"

"चालतेय की चांगली. मोडल्याशिवाय सुई टाकणारा शिंपी पाहिलायस कुठे?"

तिने वाद घातला नाही. रेशमाची एक चिंधी आणून माझ्यासह त्यांच्या हाती दिली. "मग ही यातून काढून दाखवा."

त्यांनी सुई घातली. बाहेर काढताना धागा अडकला आणि रेशीम फसकन ओढले गेले. बाबांनी सुईचे टोक उजेडात धरून पाहिले.

"टोक वळलंय," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या कापडाला ही लावली नसती मी. पोरी, बोलणी तुला खावी लागली."

लेकीने आवरायला काढलेली बाबांची पिशवी परत खुंटीला अडकवली. "वहिनी, संध्याकाळी टोचताना मला दाखव," एवढेच ती बोलली.

डाग आता विरले आहेत. मित्रांनो, सुई दर वेळी नवी घ्या, जागा दोन बोटे सरकवा, फ्रिजमधले औषध गारेगार असतानाच टोचू नका आणि नंतर चोळू नका. आणि घरातल्या काटकसरी माणसावर नजर ठेवा. बाबा वापरलेली सुई घेऊन टाचणीच्या उशीजवळून जातात, तेव्हा ती डब्यात टक्कन पडल्याचे ऐकू येईपर्यंत माझा त्यांच्यावर विश्वास नसतो.