सरांच्या मागून

“ओठांचे चाळे नकोत. सरळ म्हण, वेस्ट!”

रंगनाथ सरांनी खाटेच्या कडेवर बोटानं ठोका दिला आणि सवितानं पाठ ताठ केली.

“एक अंगातला बनियन, दुसरी पश्चिम दिशा. दोन्हींना एकच व. म्हण तीनदा.”

सवितानं तीनदा म्हटलं. सत्तावीस वर्षांची बाई, नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यात अतिदक्षता विभाग सांभाळणारी नर्स. पण सरांपुढं बसली की पेठकडच्या आश्रमशाळेतली पाचवीतली पोर व्हायची. तिथं सर एकदा म्हणत आणि साठ पोरं त्यांच्या मागून तीनदा ओरडत. डोंगरातल्या पोरांच्या तोंडी इंग्रजी घातलं ते आपण, हे सर भेटेल त्याला सांगत. त्यात खोटं काहीच नव्हतं.

उद्या तिची इंग्रजीची परीक्षा होती. परदेशातल्या नोकरीचं पत्र महिनाअखेरपर्यंतच चालणार होतं. ती नोकरी मिळाली तर झुंबरबाईला, तिच्या आईला, यंदा निफाडकडं द्राक्षांच्या कामाला जावं लागणार नव्हतं. याआधी दोनदा सविता नापास झाली होती. गोऱ्यांना आपलं पुढं गेलेलं बघवत नाही, असं सरांनी तेव्हा निदान करून टाकलं होतं.

“हे काय मधेमधे लाल होतंय?” सरांनी तिच्या मांडीवरच्या फोनकडं बोट दाखवलं.

“काही नाय सर. सरावाचं हाय. बरोबर म्हटलं की हिरवं होतं.”

“आण इकडं.”

“राहू द्या ना, सर.”

सरांनी फोन ओढून घेतला, घसा खाकरला आणि वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात पहिला शब्द म्हटला. लाल. दुसरा म्हटला. हिरवा. मग पुढची जोडी, त्याच्या पुढची. दर जोडीतला एक शब्द लालच राहिला.

“कवळीमुळं होत असेल, सर,” सविता घाईनं म्हणाली.

सरांना ते आवडलं. त्यांनी कवळी अंगठ्यानं दाबून बसवली आणि पुन्हा म्हणून पाहिलं. लाल.

“तू म्हण. मघाशी ओठांचे चाळे करत होतीस, तसं.”

सविता पिशवी आवरायला लागली.

“म्हण म्हणतो ना!”

तिनं एका शब्दाला वरचे दात खालच्या ओठाला टेकवले, दुसऱ्याला ओठांचा चंबू केला. दोन्ही हिरवे झाले. सर फोनकडं बघत राहिले. तीस वर्षं, दरवर्षी साठ पोरं. त्यांना एकदम फार भीती वाटली.

“तुला येतंय की सगळं. मग दोनदा गेलं कशात?”

“बोलण्यात.”

“येत असून?”

“इथं येतं, सर. पण तिथं तो परीक्षा घेणारा समोर बसतो, कागदावर लिहायला लागतो. लय भ्या वाटतं. मग...” तिनं त्यांच्या हातातून फोन अलगद काढून घेतला आणि पिशवीत टाकला.

“भीती वाटली की तोंडात काय येतं, सविता?”

“तुमचंच, सर,” ती म्हणाली आणि पाया पडायला वाकली.