दादाने विरोधात वर केलेला हात

माझं डोकं चटकन फिरतं. दादाबद्दल कुणी वाकडा शब्द काढला, तर त्याहून चटकन. तो मला तोफ म्हणतो ते उगाच नाही. चौदा वर्षं तो सभागृहाचा सभासद होता आणि त्या चौदाही वर्षांत त्याच्या वतीने भांडायचं खातं माझ्याकडेच होतं.

परवा सभागृहाच्या दफ्तरातून एक लिफाफा आला. माजी सभासदांचं पुस्तक निघतंय. प्रत्येकाला एक पान, त्यात मांडलेली विधेयकं आणि दिलेली मतं. छापण्याआधी ज्याने त्याने आपलं पान तपासून सही करायची. दादाला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचायला घेतलं.

"मांडलेली विधेयके एकोणीस. मंजूर एक."

"एक तर एक," दादा म्हणाला. "पण टिकलं."

टिकलं म्हणजे काय! दुकानात गल्ल्यामागे उभं राहणाऱ्यांना बसायला आसन द्यायचं, हा तो कायदा. कापडाच्या दुकानात मी अकरा वर्षं उभी होते. कोपऱ्यात स्टूल असायचं, पण गिऱ्हाइकाला आपण बसलेलं दिसता कामा नये, अशी मालकाची ताकीद. संध्याकाळी पाय असे सुजायचे की चप्पल हातात घेऊन घरी यावं लागे. आज कुठल्याही दुकानात पोरगी बसून कापड मोजताना दिसली, की मी तिला सांगते, "बाई गं, तुला माझ्या दादाने बसवलंय." पोरी कंटाळतात. कंटाळू देत.

मी पुढची ओळ वाचली. "सदर विधेयकावरील मत: विरोधात."

"छापणाऱ्याचे डोळे फुटले होते काय?" मी ओरडले आणि फोन उचलला.

"ठेव तो खाली," दादा शांतपणे म्हणाला. "बरोबर आहे ते. मी हात विरोधातच वर केला होता."

मी फोन खाली ठेवला. कारण हे मी आधी एकदा ऐकलं होतं. माझ्या शेजारच्या गल्ल्यावर एक बाई होती. अंगाने काडी आणि बोलणं टोचरं, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणायचे. माझी जिवाभावाची मैत्रीण. मतदानाच्या दिवशी रजा काढून ती सभागृहाच्या गॅलरीत बसली होती. संध्याकाळी थेट दुकानात आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझ्या भावाने आपल्या विरोधात हात वर केला. मी डोळ्यांनी पाहिला." "जीभ झडेल तुझी," मी म्हटलं. त्याला सव्वीस वर्षं झाली. एकाच गल्लीत राहतो आम्ही, पण ती दिसली की मी रस्ता ओलांडते.

"का केलंस तू असं?" मी दादाला विचारलं.

"आमचे दोन सभासद वाटेत अडकले होते. मोजणी सुरू झाली तेव्हाच कळलं, आपण एका मताने पडणार. पडलेलं विधेयक वाचवायचं तर दुसऱ्या दिवशी फेरमतदान मागता येतं. पण नियम असा, की जिंकलेल्या बाजूला ज्याने मत दिलं, त्यालाच ते मागता येतं. मग काय करणार? शेवटच्या क्षणी त्यांच्या बाजूने हात वर केला. दुसऱ्या दिवशी ते दोघे आले, मी फेरमतदान मागितलं, विधेयक मंजूर झालं."

"मग ते का नाही लिहिलं इथे?"

"दुसऱ्या दिवशी आवाजी मतदान झालं. हो म्हणणारे एकदा ओरडले, नाही म्हणणारे एकदा ओरडले. ओरडणाऱ्यांची नावं कोण टिपतो?"

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" दादा हसला. "सकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला कळलं असतं. त्यांनीही आपली माणसं गोळा केली असती."

"बरं, नंतर तरी?"

"नंतर काय सांगायचं? तुम्ही बसलात ना?"

मी हट्टच धरला, की खाली दोन ओळी लिहून पाठवू. तो ऐकेना. "पुस्तकात मत लिहितात, कारण लिहीत नाहीत. कारणं छापायला लागले तर आम्ही सगळेच साधुसंत ठरू." आणि चाचपडत त्याने सही ठोकली. मला इतका राग आला, आणि त्याच वेळी इतका अभिमान वाटला, की त्याला ओरडावं की नमस्कार करावा, ते कळेना.

ते पान घेऊन मी तडक टाचणीच्या घरी गेले. तिने दार उघडलं. केस पांढरे झालेत, बाकी तशीच काडी. "तू खरं बोलली होतीस," मी उंबऱ्यातूनच म्हटलं. "चुकले मी."

तिने पान वाचलं. "पण हे अर्धंच आहे गं."

"ठाऊक आहे. आजच सांगितलं दादाने."

"आज?" ती माझ्याकडे बघत राहिली. "अगं, मी दुसऱ्या दिवशीही गॅलरीत होते. तो उठला तर सगळं सभागृह फिदीफिदी हसलं. काल विरोध, आज पुळका, म्हणून. तो तसाच उभा. मान खाली नाही, की चिडणं नाही. हसणं थांबलं, तेव्हा बोलला. माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, कालचे शब्द तुझ्यासमोर गिळायचे. धावत तुझ्या घरी आले मी. तीनदा कडी वाजवली."

त्या दिवशी मी घरातच होते. कोण आलंय ते खिडकीतून पाहिलं होतं आणि रेडिओचा आवाज वाढवला होता.

मला रडू फुटलं. तिने हाताला धरून आत नेलं, खुर्ची पुढे ओढली.

"आता सांग," मी म्हटलं. "तो उठला तिथून सांग. काही गाळू नकोस."