बॉनेटवरचा पंजा

आमच्या गॅरेजमधून जुनी गाडी बाहेर पडते ती बाबांनी बॉनेटवर पंजा टेकवून "सोडा" म्हटल्यावरच. चाळीस वर्षांचा रिवाज. थरथर मोजणाऱ्या मशीनचा काटा मी बघते, शेवटचा शब्द पंजाचा. या हिरव्या गाडीपायी मात्र मी आठवडाभर जळफळत होते.

आधी त्यांना स्टिअरिंग थरथरतंय असं वाटलं. मी चारही चाकं काढून पुन्हा बॅलन्स केली, रिमवर शिशाची नवी वजनं ठोकली. मग म्हणाले, "चाकं नाहीत, इंजिन आहे." इंजिन उतरवलं, त्यातला मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, मशीनवर फिरवला. काटा जागचा हलला नाही. सगळं परत बसवलं, तर पंजा टेकवून पुन्हा नन्नाचा पाढा.

"पोरी, हात खोटं बोलत नाही."

मालक संध्याकाळी गाडी न्यायला येणार होता. माझा पारा चढला. बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं आणि पाण्याने भरलेला पेला त्याच्या झाकणावर ठेवला.

"बघा तुम्हीच."

पाण्यावर साधी सुरकुती नव्हती. बाबा वाकून बघत राहिले.

"पेला वाकडा असेल," ते कुरकुरले आणि त्यांनी तो उचलला. पाणी हिंदकळून त्यांच्या बाहीवर सांडलं. त्यांनी दुसरा हात लावला, तरी थांबेना. पेला परत इंजिनावर ठेवला तेव्हा पाणी निवांत झालं.

मी जिंकले होते, पण ज्या हाताच्या भरवशावर लांबून गाड्या येतात, तो मी भर दुपारी उघडा पाडला होता.

"केव्हापासून, बाबा?"

"काय ठाऊक. मी गाडीच बघत होतो."

त्यांनी पेला बाजूला ठेवून बॉनेट लावलं. माझं मनगट धरलं. पकड थरथरत होती. माझा ग्रीसने माखलेला पंजा त्यांनी पत्र्यावर टेकवला.

"सांग."

इतकी वर्षं मला हेच हवं होतं. आता डोळे भरून आले आणि पत्र्यातलं काही कळेना. मी डोळे पुसले, पुन्हा हात टेकवला, थांबले.

"ठीक आहे, बाबा."

"ठीक आहे काय? नेहमीचा शब्द म्हण."

"सोडा," मी म्हटलं, आणि ते फाटक उघडायला निघाले.